बैठक कुणासाठी मांडायची?

घरात लग्न ठरले की आपल्याकडे सर्वांत आधी बदलतो तो हॉलमधला सोफा. व्याही येणार, चार माणसे घर बघणार, म्हणून जुनी लाकडी खुर्ची माळ्यावर जाते, दादीची खाट आतल्या खोलीत नाहीतर गॅलरीत सरकते. त्या जागी भिंतभर सोफा येतो, त्याच्यापुढे काचेची टीपॉय आणि समोर टीव्हीचे युनिट. लग्न पार पडते, पाहुणे आपापल्या घरी जातात. सोफा मात्र दहा-पंधरा वर्षे तिथेच राहतो, आणि दादीची खाट काही परत येत नाही.

या महिन्यात बोलायचे आहे ते याच खोलीविषयी. तिला हॉल म्हणा, बैठक म्हणा, दिवाणखाना म्हणा. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, मिरज, कुठेही जा, आपल्या बहुतेक कुटुंबांत ही एकच खोली दिवसभरात पाच-सहा कामे करते. सकाळी तिथे नमाज होते, दुपारी दस्तरखान पडतो, संध्याकाळी मुले अभ्यास करतात, रात्री गाद्या अंथरल्या जातात. पाहुणे येतात ते आठवड्यातून एखाद-दोन वेळा, तेही तासाभरासाठी. तरी खोली मांडताना आपण हिशेब करतो तो त्या एका तासाचा. उरलेल्या वेळेत तिथे राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मांडणी करताना कुणी विचारत नाही.

आधी जागेचा हिशेब करून पाहू. 10 फूट रुंद आणि 15 फूट लांब हॉल धरला, तर जागा झाली 150 चौरस फूट. तिघांचा सोफा 7 फूट लांब आणि 3 फूट रुंद. त्याने 21 चौरस फूट घेतले. त्याच्या जोडीच्या दोन खुर्च्या प्रत्येकी 3 बाय 3, म्हणजे 18. टीपॉय 4 बाय 2, म्हणजे 8. टीव्हीचे युनिट 5 बाय दीड, म्हणजे साडेसात. भिंतीलगतचा दिवाण 6 बाय 3, म्हणजे आणखी 18. बेरीज होते 72.5 चौरस फूट. अर्धी खोली सामानाने भरली. उरलेली अर्धीही सलग नाही. सोफा आणि टीपॉय यांच्यातली एक बोळ, टीपॉय आणि टीव्हीमधली दुसरी, दाराच्या उघडझापीची जागा, असे तिचे तुकडे झाले. आणि हा झाला त्यातल्या त्यात ऐसपैस हॉल. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या जुन्या इमारतींत अख्खे घरच 225 चौरस फुटांचे आहे. तिथेही दुकानातून येतो तो हाच सोफासेट.

आता एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सोफा अमुक दिशेला ठेवा म्हणजे भरभराट होईल, आरसा तमुक भिंतीवर लावू नका, अशा याद्या हल्ली मोबाईलवर खूप फिरतात आणि आपल्या घरांतही वाचल्या जातात. अपशकुन मानण्याची कल्पनाच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नाकारली, हे सहीह बुखारीत आले आहे. त्यामुळे सोफ्याच्या तोंडाने बरकत येते किंवा जाते असे आपण मानत नाही. पण मांडणीने काहीच फरक पडत नाही, असाही याचा अर्थ नव्हे. फरक पडतो, आणि त्याची कारणे डोळ्यांना दिसणारी आहेत. उजेड कुठून येतो, हवा कुठे अडते, पाय कुठे अडखळतो, कोण कुणाच्या चेहऱ्याकडे पाहू शकतो, आणि घरातल्या कुणाला बसायलाच जागा उरत नाही, या त्या साध्या गोष्टी आहेत.

सोफा या शब्दाचा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो मूळ अरबी ‘सुफ्फा’पासून आला आणि तुर्की भाषेतून युरोपात पोहोचला. सुफ्फा म्हणजे बसण्यासाठी केलेला ओटा. मदीनेच्या मस्जिदे नबवीत छपराखाली असाच एक सुफ्फा होता. ज्या सहाबांना मदीनेत घरदार नव्हते ते तिथे राहत आणि दीनचे शिक्षण घेत. म्हणूनच त्यांना अस्हाबे सुफ्फा म्हणतात, आणि हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यापैकीच एक. ज्यांना जागा नव्हती त्यांना जागा देणाऱ्या ओट्याचे हे नाव. त्याच नावाची वस्तू घरात आल्यावर घरातल्याच एखाद्या माणसाची जागा जावी, हे बरोबर वाटत नाही.

सामान किती असावे, याबद्दल सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस आहे. पती-पत्नीच्या अंथरुणांची आणि पाहुण्यासाठी ठेवलेल्या अंथरुणाची गरज तिच्यात मान्य केली आहे. त्याच्यापुढचे जास्तीचे अंथरूण मात्र शैतानाच्या वाट्याचे ठरवले आहे. दिखाव्यासाठी आणि गरजेपेक्षा जास्त सामान जमवण्याबद्दलचा हा इशारा आहे, असा खुलासा उलमांनी केला आहे. यातला क्रम महत्त्वाचा आहे. घरातली माणसे आधी, मग पाहुणा, आणि तिथे थांबायचे. पाहुण्याचा हक्क मोठाच आहे, पण घरातल्यांचा हक्क काढून तो द्यायचा नाही. आणि हेच जास्तीचे सामान जेव्हा महिन्याच्या हप्त्यावर, तेही व्याज मोजून घरात येते, तेव्हा ज्या खोलीत विसावा मिळायचा त्याच खोलीत हप्त्याची काळजी येऊन बसते. पवित्र कुरआनात, सूरह नह्लच्या 80व्या आयतीत, घर ही अल्लाहने दिलेली विसाव्याची जागा असल्याचे सांगितले आहे. ते आठवूनच खरेदीला निघावे.

आता बसण्याची दिशा पाहू. मांडणीचा मनावर काय परिणाम होतो, याचे एक जुने आणि चांगले उदाहरण कॅनडातले आहे. सस्कॅचेवान प्रांतात वेबर्न येथे मनोरुग्णांचे मोठे रुग्णालय होते. 1950 च्या दशकात हम्फ्री ऑस्मंड हे मनोविकारतज्ज्ञ तिथले प्रमुख होते. वृद्ध स्त्रियांचा एक वॉर्ड नव्याने सजवला होता. रंग उजळ, सामान नवे, सगळे नीटनेटके. पण ऑस्मंड यांच्या लक्षात आले, की तिथे राहणाऱ्या बायका जितके अधिक दिवस राहतात तितक्या गप्प होत जातात. रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाने वॉर्डाचे निरीक्षण केले. खुर्च्या भिंतींना लावून सरळ ओळीत ठेवलेल्या होत्या. बघायला आणि झाडायला ती मांडणी सोयीची होती. बोलायचे मात्र मान वळवून. सॉमर यांनी लहान टेबले आणून त्यांच्याभोवती खुर्च्या मांडल्या. सुरुवातीला नाराजी झाली, बदल कुणालाच आवडला नाही. काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा आपसातले बोलणे जवळजवळ दुप्पट झाले होते. माणसे तीच होती, वॉर्डही तोच होता. बदलली होती ती खुर्च्यांची तोंडे.

सॉमर यांनी जेवणाच्या टेबलांवरही लक्ष ठेवले. टेबलाच्या कोपऱ्याशी काटकोनात बसलेली माणसे शेजारी-शेजारी बसलेल्यांच्या दुपटीने बोलत होती. कारण सोपे आहे. काटकोनात बसले की समोरच्याचा चेहरा दिसतो, आणि नजर बाजूला न्यायचीही मुभा राहते.

हे वाचून आपला हॉल डोळ्यांसमोर आणा. तिघे सोफ्यावर एका ओळीत आणि तिघांची तोंडे टीव्हीकडे. अब्बा कामावरून येतात, मुलगा कॉलेजातून, सून नोकरीवरून. सगळे त्याच ओळीत बसतात आणि एकमेकांऐवजी भिंतीकडे बघतात. घरात हल्ली कुणी कुणाशी बोलत नाही, ही तक्रार आपण फोनच्या नावावर टाकतो. फोनचा वाटा आहेच, पण खोलीचाही आहे. यावर उपाय फुकटचा आहे. जोडीच्या दोन खुर्च्यांपैकी एक सोफ्याच्या टोकाशी काटकोनात फिरवा. टीव्ही काढून टाका असे कुणी म्हणत नाही. पण सगळ्या बैठकी त्याच्याच चरणी असाव्यात असेही नाही.

भिंतीला लागून बसणे म्हणजे वाईट, असा मात्र यातून अर्थ काढू नये. रत्नागिरी-रायगडमधल्या कितीतरी घरांतली माणसे आखाती देशांत नोकरी करून आली आहेत. त्यांनी तिथली मजलिस पाहिलेली असते. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार या चार देशांच्या या परंपरेला युनेस्कोने 2015 मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. मजलिसमध्येही बैठका भिंतीलगतच असतात, पण त्या खोलीच्या दोन-तीन बाजूंनी फिरलेल्या असतात आणि मधली जागा मोकळी असते. प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. आखातातून येताना जड सोफासेट आणि झुंबर आणण्यापेक्षा ही मोकळी मधली जागा आणली असती, तर घराला अधिक उपयोगी पडली असती.

आपल्या खोलीत ही मधली जागाच सर्वांत मोलाची आहे, आणि तीच आपण टीपॉयला देऊन टाकतो. एका जानमाजला साधारण सव्वादोन फूट रुंदी आणि पावणेचार फूट लांबी लागते. घरच्या चौघांची एक सफ उभी करायची तर 9 फूट रुंद आणि 4 फूट लांब मोकळी जमीन हवी. टीपॉय काढली, जोडीची एक खुर्ची कमी केली, तर वर सांगितलेल्या हॉलमध्ये ती सहज निघते. तीच जागा दुपारी दस्तरखानाची, संध्याकाळी रांगत्या बाळाची, रमजानमध्ये इफ्तारची. फर्ज नमाज मस्जिदीत अदा करणाऱ्यांनीही काही नमाज घरात पढावी आणि घराचे कब्रस्तान करू नये, ही ताकीद बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. त्यासाठी घरात सजदा करता येईल एवढी जमीन तरी शिल्लक हवी.

नमाजची जागा ठरवताना किबल्याच्या भिंतीवर काय आहे तेही बघावे. महाराष्ट्रात किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला आहे. हजरत आयशा (रजि.) यांच्या घरात चित्रांचा एक पडदा होता. नमाजमध्ये त्यावरची चित्रे सतत समोर येतात, म्हणून तो बाजूला करायला प्रेषितांनी (स.) सांगितले, असे हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये आहे. आपल्याकडे नेमक्या त्याच भिंतीवर टीव्ही आणि काचेचा शोकेस असतो. शक्य असेल तर टीव्ही दुसऱ्या भिंतीवर न्यावा. नसेल तर नमाजच्या वेळी बंद करून त्यावर साधे कापड टाकावे.

जागाच लहान आहे, त्यात काय मांडणार, असे पुष्कळ भगिनी म्हणतील. प्रशस्त घर ही माणसाच्या सुखाची एक बाब आहे, हे हदीसमध्येही आले आहे, त्यामुळे लहान घराची अडचण खोटी नाही. पण हजरत आयशा (रजि.) यांचा हुजरा आठवा. त्या झोपलेल्या असत आणि प्रेषित (स.) रात्रीची नमाज पढत, सजद्याची वेळ आली की ते हाताने हलकेच खूण करत आणि त्या पाय आखडून घेत. त्या काळी घरात दिवाही नसे, असे त्यांनीच सांगितले आहे. एवढ्याशा खोलीत एकाची इबादत आणि दुसऱ्याची झोप दोन्ही सामावली, कारण दोघे एकमेकांना जागा करून देत होते.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी. पडण्यामुळे जगभरात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे मृत्युमुखी पडतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या घरात दादी-दादा फज्रच्या आधी अंधारात उठतात, वुजूला जातात आणि ओल्या पायांनी परत येतात. त्या वाटेवर टीपॉयचा कोपरा, गुळगुळीत लादीवरची सरकती सतरंजी आणि टीव्हीची लोंबती वायर असते. खुब्याचे हाड मोडले की पुढचे दुखणे किती लांबते, हे अनेक घरांनी पाहिले आहे. म्हणून खाटेपासून मोरीपर्यंत निदान तीन फुटांची सरळ वाट मोकळी ठेवा. त्या वाटेवर छोटा रात्रीचा दिवा लावा. सतरंजी सरकत असेल तर ती काढून ठेवा. आणि त्यांना बसायला मऊ, खोल सोफा देऊ नका. त्यात गुडघे वर येतात आणि उठताना दुसऱ्याचा हात लागतो. हात टेकायला दांडे असलेली, बसल्यावर पाय जमिनीला पुरतील अशी, साधारण 17-18 इंच उंचीची खुर्ची बरी. गुडघ्यांमुळे खुर्चीवर नमाज पढणाऱ्यांनाही तीच उपयोगी. माळ्यावर गेलेली ती जुनी लाकडी खुर्ची बहुधा याच मापाची असते.

पण पडण्यापेक्षाही जास्त लागते ते बाजूला पडणे. खाट गॅलरीत गेली की दादी घरातच असते, पण घरात काय चालले आहे ते तिला कळत नाही. कोण आले, कोण गेले, नातवाचा निकाल काय लागला, सगळे तिला विचारून घ्यावे लागते. आणि विचारले की आपण म्हणतो, किती प्रश्न विचारते. जिथून दरवाजा दिसतो आणि येणाऱ्याचा सलाम ऐकू येतो, अशी हॉलमधली एक जागा त्यांची असू द्या. जुन्या घरांत म्हातारे माणूस ओटीवर बसायचे, ते याचसाठी.

दुसरी व्यक्ती घरातली स्त्री. पाहुणे पुरुष आले की ती आत जाते, हे आपल्या रिवाजाला धरून आहे. पण पाहुणे नसतानाही ती कुठे बसते, ते एकदा पाहा. सोफ्याची कोपऱ्यातली जागा अब्बांची, खुर्ची मुलाची, दिवाणावर शाळेची दप्तरे. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकते आणि तिथूनच बोलते. बसलेल्याला उठवून त्याच्या जागी बसू नये, असे हदीसमध्ये आहे. पण जिला कधी जागाच दिली नाही, तिला उठवण्याचा प्रश्न येतच नाही. खिडकीजवळ, उजेडात, पंख्याखाली तिची ठरलेली एक जागा असावी. ती मासिक वाचील, शिवण करील किंवा नुसती बसेल. दार उघडताच बाहेरच्याची नजर थेट आत जाऊ नये म्हणून दारासमोर बैठक न ठेवता बाजूला ठेवावी, किंवा एक पडदा लावावा. म्हणजे प्रत्येक वेळी बेल वाजली की तिला धावत आत जावे लागणार नाही.

तिसरे मूल. दहावीचा अभ्यास टीपॉयवर वाकून होत नाही. भिंतीला लागून घडीचे टेबल आणि एक खुर्ची एवढे पुरे. टीव्हीकडे त्याची पाठ असावी आणि उजेड बाजूने यावा. आणि खिडकीपुढे कपाट किंवा शोकेस कधीही लावू नये. लहान घरात सहा-सात माणसे झोपतात, कुणाला खोकला असतो. वाहती हवा हे तिथले सर्वांत स्वस्त औषध आहे आणि आपण ते ताटवाट्यांच्या शोकेसने अडवतो.

यासाठी नवे काही विकत घ्यायचे नाही. येत्या जुम्याला नमाज आणि जेवण झाल्यावर सगळे घरात असतील तेव्हा तासभर काढा. आधी टीपॉय बाहेर ठेवा आणि आठवडाभर तिच्यावाचून राहून बघा. एक खुर्ची काटकोनात फिरवा. खिडकी मोकळी करा. मग घरातल्या प्रत्येकाला, दादीपासून धाकट्यापर्यंत, एकच प्रश्न विचारा: तुझी बसायची जागा कोणती? ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याच्यापासून मांडणी सुरू करा. सामान जास्तीचे ठरले, तर कुणा गरजूच्या घरी ते कामी येईल.

सूरह मुजादलाच्या 11व्या आयतीत मजलिसमध्ये इतरांना जागा करून देण्याचा हुकूम आहे, आणि जो जागा करून देईल त्याच्यासाठी अल्लाह जागा प्रशस्त करील असे वचन आहे. तो हुकूम आपण जलशात आणि मस्जिदीत पाळतो. तो आपल्या दीडशे चौरस फुटांतही लागू आहे. शुक्रवारी दादीची खाट आत आणायला घेतली की तिच्यासाठी कुठला सोफा हलवायचा हे आपोआप सुचेल, इन्शाअल्लाह.